रुळाकडेच्या पाच खोल्या

कर्जत, रेल्वेची चाळ
ता. १४ नोव्हेंबर १९२६

तीर्थस्वरूप मालोजीदादास धाकट्या सुंदराचा वाकून नमस्कार.

भाऊबीज करून तू लोधिवलीला गेलास त्याला आठवडा झाला. नीट पोचलास ना? की ढवळ्या बैलाने चौक गावाच्या रस्त्यात पुन्हा बसकण मारली?

दादा, राग मानू नकोस, पण एक बोलते. दरवर्षी तू ओवाळणीच्या ताटात एक रुपया टाकायचास आणि हे तुझी थट्टा करायचे, "सुंदरा, तुजा भाऊ लई कंजूष हाय गं." यंदा तू दहादहाच्या दोन नोटा टाकल्यास. त्या बघून ह्यांनी मान खाली घातली, ती तू जेवून उठेपर्यंत वर केली नाही. यंदा थट्टा झाली नाही हे तुझ्याही ध्यानात आलं असेल.

ह्यांच्या डोळ्यांचं तुला ठाऊकच आहे. बावीस वर्षं इंजिनाच्या भट्टीत कोळसा घातला, त्या उजेडाने डोळे अधू झाले. भाकरी दिसते, मी दिसते, सिग्नल दिसत नाही. इंजिनावरच्या फायरमनला सिग्नल दिसत नाही म्हटल्यावर नोकरी संपली. फंडाचे पंधराशे रुपये महिन्याभरात मिळतील आणि मेअखेर ही रेल्वेची खोली सोडावी लागेल. तू म्हणालास, लोधिवलीला या, वहिनींनी ओटीला लागून जागा काढून ठेवली आहे. तुझ्या तोंडून ते ऐकून मला भरून आलं, खोटं नाही सांगत.

पण माझ्या मनात दुसरं आहे. भिसेगावात रुळाच्या कडेला गोमा गाडीवाल्याची तीन गुंठे जागा आहे, ती तो स्वस्तात देतो आहे. तिथे ओळीने पाच खोल्या बांधाव्या, एकीत आम्ही राहावं आणि चार भाड्याने द्याव्या. तुझं मत कळव. मी नाही विचारलं तरी तू ते देणारच आहेस.

तुझी
सुंदरा


लोधिवली
ता. २३ नोव्हेंबर १९२६

चि. सौ. सुंदरा हिला मालोजीचे पोटभर आशीर्वाद.

ढवळ्या बसला नाही. तू तुझ्या आवडीवहिनीसाठी बांधून दिलेल्या करंज्यांच्या वजनाने मीच गाडीत बसून राहिलो.

आता मत घे. पंधराशे रुपयांत आपल्या बांधाला लागून भातजमीन येते. मी ती कसवून घेतो. सारा, बी, मजुरी वजा जाता वर्षाला पाऊणशे रुपयांचा भात तुझ्या घरात पडेल. जमिनीला चुना लावावा लागत नाही, आणि जमिनीची बदली होऊन ती एका सकाळी वळकटी घेऊन निघून जात नाही. भाडेकरू हेच करतो.

शिवाय घाटात विजेची गाडी आणणार असं चौकात सगळे बोलतात. मग मागून इंजिनं लावून गाड्या ढकलायला नकोत, कोळसा घालणारी माणसं नकोत. मग तुझ्या चार खोल्यांत कोण राहील? घुशी राहतील, आणि त्या भाडं देत नाहीत.

आणि पंधराशेत बांधकाम उरकलं असं मी आजवर ऐकलं नाही. शेवटी सावकाराच्या पायरीवर जाशील. त्यातून परक्या माणसांपुढे दर महिन्याला भाड्यासाठी उभं राहायचं, हे मालोजीच्या बहिणीने का करावं?

त्यापेक्षा इकडे या. नामदेवदाजी मला काय जड झालेत? ओटीवर बसावं, विडी ओढावी, वाटलं तर गुरांकडे बघावं. जन्मभर बसले तरी मी एक शब्द बोलणार नाही.

तुझा
मालोजी


कर्जत
ता. ६ डिसेंबर १९२६

दादा, नमस्कार.

तू एक शब्द बोलणार नाहीस हे मला ठाऊक आहे. मला भीती त्याचीच वाटते.

ज्या माणसाने बावीस वर्षं पगार आणून माझ्या हातात ठेवला, त्याने मेव्हण्याच्या ओटीवर बसून विडी ओढायची, आणि ती विडीही मेव्हण्याचीच. पन्नाशीला घरजावई व्हायचं. तुझ्याकडे आलो तर हे तोंडाने काही म्हणणार नाहीत, पण आतून खचतील. मला तो माणूस खचलेला बघायचा नाही. खरं कारण एवढंच आहे. बाकीचा हिशेब तुझ्यासाठी मांडते.

भिसेगावात अशा खोलीला महिना चार रुपये सहज येतात. चार खोल्यांचे सोळा झाले. मी वर्षाचे बारा महिने धरत नाही, दहाच धरते, कारण तू म्हणतोस तशी माणसं वळकटी घेऊन जातात आणि खोली रिकामी पडते. दहा महिन्यांचे एकशे साठ. त्यातून कर, चुना आणि पावसानंतरची डागडुजी यांचे वीस काढ. एकशे चाळीस उरतात, आणि आम्हाला राहायला खोली आहेच. तुझी जमीन पाऊणशे देते. पोस्टात टाकले तर पंचेचाळीस मिळतील.

सावकाराचं तू बोललास ते मात्र मी पदराला बांधून ठेवलं आहे. तो शेकड्याला महिना रुपया घेतो, म्हणजे वर्षाला बारा. माझ्या खोल्या शेकड्याला नऊ-सव्वानऊ कमावतील. नऊ कमवून बारा द्यायचे असतील तर मी आपली तुझ्या ओटीवर आलेली बरी. म्हणून कर्ज काढायचं नाही आणि फंडात बसेल तेवढंच बांधायचं, असं ठरवलं आहे.

विजेची गाडी आली तरी ती चालवायला माणूस लागणारच. तो काही विजेच्या खांबावर झोपणार नाही.

अडतं ते फक्त छपरापाशी. कौलं धरली की आकडा पंधराशेच्या पुढे जातो. त्याचं काय करावं ते अजून सुचलं नाही.

सुंदरा


लोधिवली
ता. १२ जानेवारी १९२७

चि. सौ. सुंदरास आशीर्वाद.

तुझा हिशेब मी वाचला, मग आवडीला वाचून दाखवला. त्यात चूक सापडेल म्हणून वाचला होता. आवडी म्हणाली, "वन्सं बराबर सांगत्यात. तुमी गप ऱ्हावा." तेव्हापासून मी गप्प आहे.

दाजींचं तू लिहिलंस ते माझ्या डोक्यात आलं नव्हतं. मी आपला घरात जागा किती आहे तेच मोजत बसलो होतो. बांध तुझ्या खोल्या.

छपराची काळजी माझ्यावर टाक. कौलं ही शहरातल्यांची हौस. माझ्या घरावर आजोबांपासून पेंढा आहे, हातभर जाड, आत थेंब येत नाही आणि चैत्रात गारवा राहतो. होळी झाली की पेंढा, वासे, कारवीच्या काठ्या, सुंभ सगळं चार गाड्यांत भरून घेऊन येतो आणि स्वतः वर चढून शाकारून देतो. हे उसनं नव्हे, भावाची भेट आहे. नाही म्हणालीस तर भाऊबीजेला येणार नाही.

मालोजी


भिसेगाव
ता. २७ एप्रिल १९२७

दादा, नमस्कार.

बघ, पत्त्यावर भिसेगाव लिहिलं. पाचव्या खोलीत सामान आणून टाकलं आहे. अजून दाराला कडी नाही, पण चूल पेटली. पहिल्या दिवशी ह्यांनी आपल्या दारात उभं राहून चहा घेतला, तेव्हा मला इतकं बरं वाटलं की चहात साखर घालायची राहिली.

आता एक विचारायचं आहे. छपरावर कौलं घालावी असं मनात आलं आहे. तसं विशेष काही कारण नाही. कौलं दिसायला बरी असतात, आणि भाडेकरूंनाही आवडतात. कौलं, रिपा आणि सुतार धरून एकशे चाळीस लागतील. हाताशी पंचेचाळीस उरलेत. बाकीचे कुठून उभे करावे?

सावकार नको हे ठरलेलं आहे. खालापूरची सोसायटी स्वस्तात देते, पण ती शेतकऱ्याला देते, बी-बैलांसाठी. तुझ्या नावावर काढून तुझी जमीन मी त्यात अडकवणार नाही. पाटल्या मोडाव्या म्हटलं तर घडणावळ बुडते, आणि ह्यांना कळलं तर दोन दिवस जेवायचे नाहीत. याहून वेगळी वाट तुला दिसत असेल तर लवकर लिही, कारण पाऊस महिन्या-सव्वा महिन्यावर आला.

बाकी सगळं क्षेम आहे. ह्यांचे हातही आता बरे आहेत.

सुंदरा


लोधिवली
ता. ३ मे १९२७

सुंदरास आशीर्वाद.

"कौलं दिसायला बरी असतात." वा! चार गाड्या पेंढा मी चौकावरून ओढत आणला. तीन दिवस वर चढून पेंढी पेंढी बसवली. उतरलो तेव्हा पाठीला बाक आला होता, तो अजून सरळ झालेला नाही. आणि महिना होतो न होतो तोच तुला तो पेंढा दिसायला बरा वाटेना. रेल्वेवाल्यांच्या बायकांनी नाकं मुरडली असतील. आपल्या बापाच्या घरावर पेंढाच होता, आणि त्याच्याखाली तू जन्मलीस, हे त्यांना सांगायचं होतंस.

पैसे कुठून उभे करू म्हणून मलाच विचारतेस! आमच्याकडे गवताचा व्यापारी येतो त्याला विचार. तो श्रावणात येतो, माळावर गवत अजून गुडघाभरही नसतं, आणि कार्तिकात कापायच्या गवताचे पैसे तेव्हाच हातावर ठेवून जातो. तूही भाडेकरूंना सांग, खोलीला छप्पर नाही पण भाडं आधी द्या. देतील हो, रांग लावतील!

मी रागावलो आहे. आशीर्वाद मात्र खरे आहेत.

मालोजी

ता. क. आवडी म्हणते, माझे दोन शब्द लिहा. तिच्याच तोंडचे लिहितो, म्हणजे मला बोल नको. "वन्सं, तुमी लिवलंय हात आता बरे हायत. हातांना काय झालं हुतं? ह्यांचा राग ऱ्हाऊ द्या, तो जेवनाबराबर उतरंल. कौलं दिसाया बरी म्हनून तुमी पैसं घालनाऱ्या नाय, मी तुमाला वळखते. काय लपवताय ते आदी सांगा."


भिसेगाव
ता. १२ मे १९२७

दादा, आणि वहिनी, तुम्हीही,

वहिनी, तुम्ही पकडलंत. दादा, तू आधी खाली बस.

रामनवमी होऊन गेली होती. दुपारची वेळ, वारा सुटलेला. एक मालगाडी घाट चढायला निघाली. चढासाठी मागून लावलेलं इंजिन नेमकं आमच्या दारासमोर जोर धरतं. त्याने धुराबरोबर ठिणग्या उधळल्या, आणि वारा आमच्याकडचा. तुझा पेंढा हातभर जाड आणि ठणठणीत वाळलेला. मी चुलीपाशी होते. बाहेर येऊन बघते तर पहिल्या दोन खोल्या वरून पेटलेल्या.

कान्हा फायरमन आणि त्याचे सोबती काम सुटून रुळाच्या कडेने येत होते. कान्हा पूर्वी ह्यांच्या हाताखाली होता. ती पोरं विहिरीकडे धावली आणि बादल्यांवर बादल्या ओतल्या. हे तिसऱ्या खोलीवर चढले आणि पुढचा पेंढा हातांनी ओढून खाली पाडला, म्हणून आग पुढे गेली नाही. तेवढे हात भाजले. भिंती काळ्या झाल्या, दोन खोल्यांचे वासे गेले. माणसाला काही झालं नाही, हे देवाचे उपकार.

गोमा जागा एवढी स्वस्त का देत होता ते आता कळलं. मी समजत होते, गाड्यांच्या आवाजामुळे. तो म्हणतो कसा, "बाय, मला वाटलं तुला ठावं हाय. तुजा घरवाला इंजिनावरचा ना!" मी घरवाल्याला विचारलं, तर हे हातांना पट्ट्या बांधून बसलेले, म्हणतात, "बावीस वरसं ठिनग्या उडवल्या गं, पन त्या कुटं पडत्यात ते कवा वळून बगितलं नाय." हसावं की रडावं ते कळेना, मग आम्ही दोघं हसलो.

तुला कळवलं नाही, कारण छपरावरून उतरलास तेव्हाचं तुझं हसणं माझ्या डोळ्यांसमोर होतं. अंगभर कुसळं, घामाने निथळलेला, आणि पोरासारखा खूश. तुझी भेट जळून गेली हे मला लिहवेना. त्यापायी तुला भलताच राग आला, तो मी पोटात घातला.

आता गंमत ऐक. तुझा तो गवताच्या व्यापाऱ्याचा टोमणा मी ह्यांना वाचून दाखवला. हसून झाल्यावर हे म्हणाले, "मालोजी रागानं बोलला, पन बोलला बराबर." दुसऱ्या दिवशी कान्हाला आणि त्याच्या सोबत्यांना बोलावलं. सांगितलं, खोलीला चार रुपये, एका खोलीत दोघं राहा, पण सहा महिन्यांचं भाडं आत्ता द्या. त्याचं व्याज म्हणून रोज बंबातलं कढत पाणी मिळेल, आणि ड्यूटीच्या वेळेला मी स्वतः दारावर थाप मारून उठवीन. इंजिनावरून काळाठिक्कर होऊन आलेल्या माणसाला कढत पाणी म्हणजे काय, हे ह्यांना ठाऊक होतं. आणि झोप लागून ड्यूटी चुकली तर दंड होतो, हेही ठाऊक होतं.

कान्हा पहिल्या खोलीत जाऊन उभा राहिला. वर नुसतं आभाळ. म्हणाला, "काकी, खोली हवेशीर हाय." आणि पैसे मोजून दिले. तीन खोल्या इंजिनवाल्यांनी घेतल्या, चौथी शाळेच्या मास्तरांनी. शहाण्णव रुपये आले. त्यात माझे पंचेचाळीस घालून कौलं सांगितली आहेत. सावकाराला व्याज पैशांत द्यावं लागलं असतं, हे व्याज लाकडांत फिटेल.

एक अडचण आहे. भाडं आधीच कौलांत गेलं, तेव्हा नोव्हेंबरपर्यंत हातात पैसा येणार नाही. म्हणून त्या सहा जणांना दोन वेळा मीच जेवायला घालणार आहे, पैसे घेऊन. तांदूळ तू पाठव, पण बाजारभावाने. फुकट पाठवलास तर गाडी दारातूनच परत फिरवीन.

सुंदरा


लोधिवली
ता. २० जून १९२७

चि. सौ. सुंदरास आशीर्वाद, आणि दाजींना नमस्कार.

तू म्हणालीस तसा खाली बसून पत्र वाचलं. मग ते "वळून बगितलं नाय" पुन्हा वाचलं आणि इतका हसलो की आवडी बाहेर आली. तिने सगळं ऐकून घेतलं आणि मग मला जे ऐकवलं ते पत्रात लिहिण्यासारखं नाही. रुळाशेजारी वाळलेला पेंढा घालताना मला कळू नये? माझ्या घराजवळून बैलगाडी जाते, आणि तिच्यातून ठिणगी कधी पडली नाही. मी माझ्या घराच्या हिशेबाने तुझं घर शाकारलं.

वेडे, माझं मन राखायला तू इतके दिवस गप्प बसलीस आणि वर माझ्या शिव्या खाल्ल्यास. पुन्हा असं करू नकोस.

पेरणीच्या घाईत उशीर झाला. तांदूळ पाठवला आहे, भाव चौकातला लावला आहे, पै कमी केलेली नाही. सोबत एक गाडी लाकडं आहेत. ती परत धाडायची नाहीत, कारण ती तुला नाहीत, दाजींना आहेत. माझ्या पेंढ्याने त्यांचे हात भाजले.

कौलं गळतात का ते कळव. थोडी गळत असतील तर मला बरं वाटेल.

मालोजी


भिसेगाव
ता. १८ ऑगस्ट १९२७

दादा, नमस्कार.

गळतात. मास्तरांच्या खोलीत एका कोपऱ्यात टपटपतं, तिथे पातेलं ठेवलं आहे. झालं समाधान?

तांदळाचे पैसे गोमाच्या गाडीबरोबर पाठवले ते मिळाले असतील. सहा माणसं दोन्ही वेळा जेवतात आणि मला वर थोडं सुटतं. कान्हा एकटा तिघांचं जेवतो, तरी सुटतं.

ह्यांचं सांगायचं आहे. नोकरी सुटल्यापासून हे उठून नुसते भिंतीकडे बघत बसायचे, ते तुला कधी लिहिलं नाही. आता सकाळी उठतात ते कामावर निघाल्यासारखे. कोणाची कुठली ड्यूटी ते सगळं तोंडपाठ. सिग्नल दिसत नाही, पण घाट उतरून कुठलं इंजिन आलं ते आवाजावरून ओळखतात आणि बरोबर त्या दारावर थाप मारतात. अजून एकाचीही ड्यूटी चुकलेली नाही. इतर चाळीतली माणसं विचारायला येतात, नामदेवकाकांच्या चाळीत जागा आहे का? त्यांच्या नावाची चाळ झाली, दादा. मी खूप सुखात आहे.

मात्र मी जे दोन रिकामे महिने धरले होते ते आता येतील. कान्हाच्या शेजारच्या दोघांची बदली झाली. सप्टेंबरअखेर ते लोणावळ्याला जातील आणि उरलेल्या दोन महिन्यांचे पैसे मला परत करावे लागतील. गंमत म्हणजे ती खोली मागायला कोण आलं? विजेच्या गाडीच्या खांबांसाठी मोजणी करणारी माणसं. पाच रुपये द्यायला तयार आहेत. तू सांगितलेल्या घुशी त्या ह्याच असाव्यात.

सुंदरा


लोधिवली
ता. २ ऑक्टोबर १९२७

सुंदरास आशीर्वाद.

तुझे हिशेब वाचून वाचून मलाही खोड लागली. मी माझ्या गवताचा हिशेब घातला. व्यापारी श्रावणात पैसे देतो ते फुकट देत नाही, कार्तिकातल्या भावाच्या पाऊणपटच देतो. म्हणजे तीन महिन्यांसाठी रुपयातले चार आणे नेतो. तुझा सावकार त्याच्यापुढे साधू म्हणायचा. इतकी वर्षं मी त्याला चहा पाजत होतो!

यंदा उचल घेतली नाही. गवत स्वतः कापून कर्जत स्टेशनाच्या वखारीवर आणणार आणि भाव बघून मुंबईला लावणार. त्यासाठी दिवाळीपासून माघापर्यंत मला कर्जतला राहावं लागेल. तुझी ती खोली त्या खांबवाल्यांना देऊ नकोस, मी येतो. बहिणीची खोली असताना मी वखारीत का झोपू? भाड्याचं काही बोलणार नाहीस याची खात्री आहे, कारण मी भाऊ आहे.

मालोजी


भिसेगाव
ता. ८ ऑक्टोबर १९२७

दादा, नमस्कार.

खोली तुझ्यासाठी ठेवली. भाडं चार रुपये. खांबवाले पाच देत होते, भाऊ म्हणून तुला एक सोडला. चार महिन्यांचं आगाऊ, सगळ्यांना जो नियम तोच तुला. कढत पाणी मिळेल आणि हे थाप मारून उठवतील.

ओटीवर फुकट झोपता येणार नाही. दाजी जन्मभर बसले तरी एक शब्द बोलणार नाही, असं तू म्हणाला होतास. मी तुझ्याइतकी भली नाही. मी बोलेन.

तुझी घरमालकीण
सुंदरा


भिसेगाव
ता. ३० ऑक्टोबर १९२७

दादा, नमस्कार.

तू भाऊबीज करून गवत आणायला परत गेलास आणि तुझी खोली मी झाडून ठेवली आहे. सोळा रुपये तू मोजून माझ्या हातात दिलेस, तेव्हा तुझ्या चेहऱ्याकडे बघून कान्हा अजून हसतो. वहिनींना सांग, त्यांचा नवरा आमच्याकडचा सगळ्यात चांगला भाडेकरू आहे, कारण घासाघीस करून दमल्यावर एकदम देतो. गवताच्या गाड्या वखारीवरच उतरव. आमच्या दारासमोर एकही उभी करू नकोस, कारण तुला ठाऊक आहे.

आता ओवाळणीचं. तू ताटात एक रुपया टाकलास. ह्यांनी तो उचलला, बोटांनी चाचपला, निरांजनापाशी नेऊन बघितला, आणि सगळ्या चाळीला ऐकू जाईल असे ओरडले, "सुंदरा, तुजा भाऊ लई कंजूष हाय गं!" तू हसलास, मास्तर बाहेर येऊन हसले. मी चुलीपाशी गेले आणि धूर डोळ्यांत गेला म्हणाले. चूल तेव्हा विझलेली होती, दादा.

तो रुपया मी खर्चणार नाही. तू मुद्दाम एकच टाकलास, की माझं आगाऊ भाडं देऊन तुझा खिसा खरंच रिकामा झाला होता, ते मात्र मला कधी सांगू नकोस.

सुंदरा